विंडोज ७ चा संसार लिनक्सवर हलवताना: सांगलीतल्या एका घराचं प्रकरण

"तेवढं लिनक्स टाकून द्या" असं म्हणत लोक येतात तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट असते, वेग. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी दुसरी प्रणाली. मी घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करतो, त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते अशासाठी, की इथे वेगाचा आणि लिनक्सचा संबंध फार थोडा निघाला. ज्या गोष्टीत बहुतेक सगळा वेळ गेला, तिचा तर पहिल्या फोनवर कुणी उल्लेखही केला नव्हता.

घर गावभागातलं, म्हणजे सांगलीतल्या नदीकाठच्या जुन्या वस्तीतलं. निवृत्त हायस्कूल शिक्षक, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, काकू आणि आठवीतली नात. पीसी २००९ साली असेंबल करून घेतलेला: इंटेलचा पेंटियम ड्युअल कोर ई५३००, जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड, २ जीबी डीडीआर२ रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क, चौकोनी एलसीडी मॉनिटर. त्यावर विंडोज ७. तक्रार एवढीच, की लई स्लो झालाय आणि निम्म्या साइट उघडत नाहीत. पुण्यातल्या भाच्यानं फोनवरच निकाल दिला होता: लिनक्स टाका, सुसाट पळेल.

दुखणं कुठं होतं

मशीन सुरू केलं तर पडद्यावर तारीख आली १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. अण्णा रोज सकाळी तारीख हातानं भरायचे आणि लाइट गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तारीख एवढी मागे असली की ब्राउझर बिचारा काय करणार? प्रत्येक सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालतं. संगणकाच्या हिशेबानं त्या साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून तो दार लावून घेतो. 'साइट उघडत नाही' यातली बरीचशी तक्रार चहा-वड्याच्या पैशात येणाऱ्या सेलची होती.

मग हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल काढला, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. 'रिअलोकेटेड' आणि 'पेंडिंग' या दोन्ही ओळींत शून्याच्या जागी आकडे. रिअलोकेटेड म्हणजे जे सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) बिघडले म्हणून डिस्कनं बदलले ते, पेंडिंग म्हणजे जे तिला धड वाचता येत नाहीत ते. तिथं आली की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि तोवर सगळं मशीन गोठतं. लोक याला हँग होणं म्हणतात आणि बोल विंडोजला लावतात.

रॅम तशीही अपुरीच होती. जी३१ बोर्डावर जास्तीत जास्त ४ जीबी चालते, तेवढी सेकंड हँड पट्ट्या आणून केली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हा सीपीयू पोटमाळ्यावर चढवला होता म्हणून वाचला, पण ओलीनं जुन्या पट्टीच्या सोनेरी कडेवर काळपट थर धरला होता. तो खोडरबरनं घासून काढला. हा उपाय कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, पण आपल्याकडच्या प्रत्येक हार्डवेअरवाल्याच्या खिशात खोडरबर असतो.

आजारी डिस्कवर कसलाही प्रयोग करायच्या आधी तिची नक्कल काढायची, यात तडजोड नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून डीडीरेस्क्यूनं सगळी डिस्क एका धडक्या जुन्या ३२० जीबी डिस्कवर उतरवली. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग घेतो आणि अडणाऱ्या जागांकडे शेवटी वळतो. कुठपर्यंत आलो याची नोंदही ठेवतो. मरायला टेकलेल्या डिस्कसाठी हा क्रम फार महत्त्वाचा, कारण ती कधी मान टाकेल याचा नेम नसतो. थोडे सेक्टर गेलेच, पण ते रिकाम्या जागेतले निघाले.

यानंतर मी मुद्दाम एक गोष्ट केली. तीच नक्कल नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, चढवली आणि विंडोज ७ सुरू करून दाखवलं. चटकन उघडलं. वर्डही झटक्यात आलं. अण्णा म्हणाले, "मग हेच राहू दे की! लिनक्स कशाला?"

प्रश्न अगदी बरोबर होता.

मग लिनक्स कशाला

वेग एसएसडीनं आणि रॅमनं दिला होता. लिनक्सचं कारण वेगळं. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले. क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यावर चालणारी शेवटची, त्यापुढची चढतच नाही. बँकेची आणि सरकारी पोर्टलं हळूहळू जुना ब्राउझर नाकारायला लागतात, आणि जी नाकारत नाहीत तिथं पासवर्ड टाकणं आणखी वाईट. विंडोज १० टाकावं, तर त्याचाही नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. हे नियम बाजूला सारून बसवण्याच्या युक्त्या फिरत असतात, भाच्यानं एक पाठवलीही होती. पण २४एच२ या आवृत्तीपासून पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ या सूचना प्रोसेसरमध्ये असाव्याच लागतात. ई५३०० मध्ये त्या नाहीत. त्यामुळे तिथं कुठली पळवाट चालत नाही, सिस्टीम उभीच राहत नाही.

उरलं काय? याच प्रोसेसरवर आजही रीतसर अपडेट मिळणारी प्रणाली, म्हणजे लिनक्स. ई५३०० हा ६४ बिटी आहे, ही मोठी जमेची बाजू. लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची २२ ही मालिका निवडली, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची. तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, २ जीबीत चालते आणि ४ जीबीत निवांत चालते. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे विंडोजच्या सवयीचा हात चुकत नाही.

पपी, अँटीएक्स यांच्यासारख्या आणखी हलक्या प्रणाली मला ठाऊक आहेत आणि आवडतातही. पण त्या स्वतः खटपट करणाऱ्या माणसासाठी. जिथं मी निघून आल्यावर सत्तरीतला माणूस एकटा बसणार आहे, तिथं शंभर-दोनशे एमबी रॅम वाचवण्यापेक्षा अडलं तर कुणालाही विचारता येईल अशी प्रणाली बरी.

वहीतलं पान

बसवायच्या आधी अण्णांच्या वहीत एक यादी केली. "कोणकोणतं सॉफ्टवेअर वापरता?" असं विचारलं की लोक 'वर्ड, एक्सेल' म्हणून मोकळे होतात. म्हणून विचारायचं ते असं, की महिन्याभरात या पडद्यासमोर बसून कोण काय करतं?

काकूंचं सोपं होतं: यूट्यूबवर कीर्तनं. नातीचे शाळेचे प्रोजेक्ट. पावसाळ्यात सगळ्यांचंच कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघणं. गावभागातलं घर म्हटल्यावर चाळीस फुटांच्या इशाऱ्याला पोथ्या, दागिने आणि सीपीयू एकाच वेळी वर जातात. अण्णांची कामं: शेताचा डिजिटल सातबारा काढणं आणि ते ज्या गृहनिर्माण सोसायटीचे सचिव आहेत तिचा हिशेब.

"आणि वर्षातून एकदाच लागणारं असं काही?"

अण्णा थोडं थांबले आणि म्हणाले, "वार्षिक सभेचा अहवाल. आणि मागची सगळी इतिवृत्तं. ती आहेत मराठीत, त्या जुन्या फॉन्टात."

हेच ते पहिल्या फोनवर न आलेलं.

विश्वस्तांचं काय झालं

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळायच्या आधी आपल्याकडे मराठी टायपिंग चालायचं ते सी-डॅकचं आयएसएम, श्रीलिपी, आकृती अशा सॉफ्टवेअरवर. त्या फॉन्टांची युक्ती अशी, की संगणकाच्या लेखी फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. फक्त त्या क्रमांकांच्या जागी फॉन्टात देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. अर्धा श, काना, वेलांटी, रफार, सगळे सुटे. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर पडद्यावर निव्वळ खिचडी.

फॉन्टच्या फाइली विंडोजच्या फोल्डरमधून काढून लिनक्सवर घरच्या फोल्डरात ठेवल्या आणि लिब्रेऑफिस या वर्ड-एक्सेलच्या जागी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये २०११ चं इतिवृत्त उघडलं. मराठी दिसलं. अण्णा खूश झाले आणि मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला अडले.

"'अध्यक्ष, विवस्त आणि सभासद.' हे विवस्त कोण?"

विश्वस्तांमधला अर्धा श गायब होता. शेवटी र लागला नव्हता हे नशीब. खाली 'बिल्डरनं दिलेलं आश्वासन' होतं तिथं 'आवासन' झालं होतं, आणि गृहनिर्माण सोसायटीच्या कागदात ते इतकं शोभत होतं की कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

कारण तपासलं. त्या फॉन्टात अर्धा श बसवला होता १७३ व्या क्रमांकावर. लिब्रेऑफिस १७३ ला 'ऐच्छिक संयोगचिन्ह' समजतं, म्हणजे शब्द ओळीच्या टोकाला तुटला तरच दाखवायची छोटी रेघ. एरवी ते अदृश्य. फाइलमध्ये श होता, पडद्यावर नव्हता. अशीच फाइल लिब्रेऑफिसमधून पीडीएफ करून ठेवली असती तर पाच वर्षांनी मूळ मजकूर काय होता हे सांगायलाही कुणी नसतं.

इथे निर्णय दोन भागांत घेतला. जी इतिवृत्तं आता फक्त वाचायची आहेत, बदलायची कधीच नाहीत, ती विंडोज ७ च्या डिस्कवरून, जुन्या वर्डमधूनच पीडीएफ केली. जसं छापलं होतं तसंच. आणि जे कागद चालू आहेत, म्हणजे सभेच्या नोटिशीचा मसुदा, सभासदांची यादी, अहवालाचा साचा, तेवढेच युनिकोडमध्ये आणायचे. सगळं बदलायच्या मागे लागलो असतो तर दिवाळी ते गुढीपाडवा तेच करत बसलो असतो.

परिवर्तक म्हणजे या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे छोटे प्रोग्राम मिळतात. पण काम दिसतं तेवढं सरळ नाही. जुन्या फॉन्टात मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं साठवलेला असतो, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमानं. 'आर्थिक' हा शब्द घ्या, कुठल्याही अहवालाच्या पहिल्या पानावर सापडेल. जुन्या फाइलमध्ये तो असा आहे: आ, मग वेलांटी, मग थ चा अर्धा तुकडा, त्याचा दंड, मग रफार, मग क. युनिकोडला तो हवा असतो असा: आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी उचलून थ च्या नंतर न्यायची आणि रफार उचलून थ च्या आधी आणायचा, एकाच अक्षरात दोन्ही. साधा परिवर्तक अशाच ठिकाणी अडखळतो. म्हणून कुठलाही परिवर्तक तपासायचा तर 'आर्थिक', 'निर्मिती', 'सर्वांनी', 'पुढाऱ्यांचे' असे शब्द त्याच्या तोंडी द्यावेत. तेवढे पचले की बाकीचं बहुतेक पचतं.

दुसरी अडचण मिश्र मजकुराची. नावं मराठी फॉन्टात, फ्लॅट क्रमांक इंग्रजी फॉन्टात, दोन्ही एकाच ओळीत. साधा मजकूर म्हणून कॉपी केला की फॉन्टची माहिती गळून पडते आणि परिवर्तक इंग्रजी आकड्या-अक्षरांनाही मराठी समजून त्यांचा लगदा करतो. म्हणून लिब्रेऑफिसच्या शोध-बदल खिडकीत फॉन्टचं नाव देऊन तेवढाच मजकूर निवडायचा आणि तुकड्या-तुकड्यानं बदलायचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

शेवटी वाचन. नात पडद्यावरून मोठ्यानं वाचायची, अण्णा छापील प्रत हातात घेऊन लाल पेनानं खुणा करायचे. आयुष्यभर पेपर तपासलेल्या माणसाला हे काम आवडलं असावं, कारण त्यांनी मूळ इतिवृत्तातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही काढल्या.

मला ज्याची धास्ती होती ते टायपिंग मात्र चुटकीसरशी झालं. अण्णा पहिल्यापासून इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलक-रचनेनं टाइप करणारे. ही रचना १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे आणि लिनक्समध्ये मराठीसाठी आधीपासून असते, वेगळं काही बसवावं लागत नाही. के दाबला की क, डी दाबला की हलन्त, शिफ्ट-एन ला ळ, शिफ्ट-जे ला 'दऱ्या'तला ऱ. बोटं होती तशीच चालली. नातीला फोनवरच्या रोमन पद्धतीची सवय, तिच्यासाठी आयबस या टायपिंगच्या साधनातली, रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवणारी आयट्रान्स पद्धत चालू करून दिली.

प्रिंटर आणि किरकोळ

प्रिंटर एचपीचा लेझरजेट 1020 होता, जो आपल्याकडे झेरॉक्सवाल्यापासून वकिलांपर्यंत सगळ्यांकडे दिसतो. त्याच्या रचनेची एक खासियत माहीत असावी लागते: त्याचं अंतर्गत सॉफ्टवेअर प्रिंटरमध्ये कायमचं साठवलेलं नसतं. दर वेळी चालू केल्यावर संगणक ते त्याला पाठवतो. लिनक्सवर एचपीचंच एचपीलिप हे पॅकेज हे काम करतं, पण त्यासाठी एक प्लगइन वेगळं उतरवून घ्यावं लागतं. ते नसेल तर प्रिंट 'पूर्ण झाली' असं दिसतं आणि कागद जागचा हलत नाही. मिंटनं आपणहून जोडलेला प्रिंटर काढून टाकला, एचपीलिपच्या मांडणीतून पुन्हा जोडला, प्लगइन घेतलं आणि नोटीस छापून निघाली. मिंटच्या पुढच्या मालिकेत गेल्यावर हे प्लगइन पुन्हा घ्यावं लागेल, ते वहीत लिहून ठेवलंय.

काकूंच्या कीर्तनासाठी ब्राउझरमध्ये एचटूसिक्सफोरिफाय नावाचं छोटं विस्तारक टाकलं. यूट्यूब आजकाल व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं आणि ते उलगडणं या जुन्या प्रोसेसरला जड जातं. विस्तारक यूट्यूबकडून जुना एच.२६४ प्रकार मागून घेतो. ४८० च्या दर्जाला अडखळत नाही. त्यापेक्षा वरचं या मशीनकडून अपेक्षूही नये, आणि चौकोनी मॉनिटरवर कीर्तनकाराचा फेटा तेवढ्यात नीट दिसतो.

हिशेबाच्या एक्सेल फाइली लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडल्या. सूत्रं चालली. 'अक्षरी रक्कम' लिहिणारा मॅक्रो, म्हणजे फाइलमधला छोटा प्रोग्राम, चालला नाही. तो नव्यानं लिहिण्याऐवजी पावतीवर रक्कम अक्षरी हातानं लिहायची असं अण्णांनीच ठरवलं. "तेवढं अक्षर अजून चांगलं आहे माझं." सातबाऱ्याच्या पीडीएफवरची डिजिटल सही तपासायला ओक्युलर हा वाचक बसवला, कारण अॅडोबीचा रीडर लिनक्ससाठी कधीच बंद झालाय.

३२० जीबीची विंडोज डिस्क कॅबिनेटमध्येच ठेवली आहे. जुन्या फाइली उघडायच्या आणि जुना स्कॅनर चालवायचा तर सुरू होताना बूट मेनूतून ती निवडायची, आणि आधी लॅनची केबल काढायची. हा नियम मी मार्करनं कॅबिनेटवरच लिहिला. पहिल्यांदा विंडोजमध्ये जाऊन परत आल्यावर नातीनं सांगितलं की घड्याळ चुकतंय, बरोबर साडेपाच तासांनी. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक वेळ. भारतात हा फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे बघताक्षणी ओळखू येतो. लिनक्सलाही स्थानिक वेळच धरायला सांगितलं आणि ते मिटलं.

शेजाऱ्यांचा पीसी

हे सगळं बघून समोरच्या वाड्यातले काका आपला पीसी घेऊन आले. पेंटियम ४, ३२ बिटी, ५१२ एमबी रॅम, जुनी आयडीई डिस्क. "अण्णांसारखंच करून द्या."

मी नाही म्हणालो. मिंटची मुख्य आवृत्ती ३२ बिटी मशीनवर चालत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नंही अशा पीसींसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं आहे. अँटीएक्ससारखं काहीतरी चढवता येईल, पडद्यावर मेनूही येईल. पण आजची एखादी बँकेची साइट उघडली की ब्राउझरच ५१२ एमबी खाऊन बसेल, आणि त्या बोर्डाला धड एसएसडी लावायची सोय नाही. त्यांचं काम विचारलं तर वीज बिल भरणं आणि नातवाशी व्हिडिओ कॉल एवढंच होतं. दोन्ही त्यांच्या फोनवर आधीच होत होतं. डिस्कमधले फोटो काढून पेनड्राइव्हवर दिले आणि सेकंड हँड ६४ बिटी कोअर आय३, ४ जीबी रॅमवाला पीसी मिळाला तर बघा म्हणून सांगितलं.